पालथी वाटी

ती घटना आठवली की आजही माझा हात माठाच्या झाकणाकडे जातो. झाकण उचलून पाणी किती आहे ते डोळ्यांनी बघते, मगच दुसऱ्या कामाला लागते.

साहेब लोक निवृत्त झाले की आठवणी लिहितात. मी साहेब नव्हते. शहापूर-मुरबाड भागातल्या एका पोलीस ठाण्यात मी सव्वीस वर्षं झाडलोट केली आणि पाणी भरलं. शाळा चौथीपर्यंत. पण एक केस माझ्याही वाट्याला आली. ती मी कुणाला सांगितलेली नाही. नावं लिहीत नाही, माणसं अजून त्याच गावात आहेत.

बाईमाणसाला चौकशीला बोलावलं की जवळ दुसरी बाई लागते. आमच्याकडे महिला शिपाई कधी असायची, कधी नसायची. मग साहेब मला हाक मारायचे, "मावशी, जरा बसा यांच्याजवळ." मी काही विचारायची नाही. तांब्या पुढे करायची आणि गप्प बसायची. गप्प माणसाजवळ बाया बोलतात. जे कानावर यायचं ते मी साहेबांना दाराआड हळूच सांगायची. ते मान हलवायचे. ठाण्यात माझं मोठेपण ते तेवढंच.

मग भातसानगरची एक मुलगी शिपाई म्हणून आली. वडील धरणावर कामाला. तिला कॉम्प्युटर यायचा. महिनाभरात साहेबांची हाक बदलली. बाई आली की या मुलीला बोलवायचं, जबाब तिनं टाइप करायचा. ती मला रोज विचारायची, "मावशी, चहा झाला का?" तेही मला खुपायचं. तिच्या टेबलाखालचा केर मी सगळ्यात शेवटी काढायची. कधी काढायचीच नाही.

त्या मे महिन्यात एक बाई सकाळीच तक्रार घेऊन आली. "साहेब, माझ्या जावेनं माझ्या कोंबड्या मारल्या. आख्खी शेड गेली. काल दुपारी पंखे बंद करून बाजारात निघून गेली."

घर दोन भावांचं. भातशेती आणि मागे कोंबड्यांची शेड. तक्रार घेऊन आलेल्या थोरल्या जावेनं ती दहा वर्षं हातानं सांभाळली होती. ऊन वाढलं की पंखे लावायचे, पाणी मारायचं, सगळं तीच करायची. धाकटी लग्न होऊन आली ती कॉम्प्युटरचा कोर्स करून. तिनं शेडमध्ये एक छोटी पेटी बसवली. गरमी वाढली की पंखे आपोआप लागत. बघायला सापगावपर्यंतची माणसं आली. कुणीतरी फोटो काढला, तो फोनवर सगळीकडे फिरला. फोटोत धाकटी एकटीच होती. थोरलीनं तक्रारीच्या आधी हा फोटोच साहेबांना दाखवला.

दुपारी धाकटीला बोलावलं. पंखे बंद होते हे शेजाऱ्यानं पाहिलेलं, थोरलीनं पाहिलेलं. पण पेटीतल्या नोंदीत आदल्या दुपारभर 'पंखे चालू' असं येत होतं. शिपाई मुलगी म्हणाली, "साहेब, ही नोंद खोटी आहे. आणि असं खोटं भरता येणारी त्या घरात एकच आहे."

साहेबांनी धाकटीला आणि शिपाई मुलीला टेबलाशी बसवलं. मी पाणी द्यायला गेले आणि माठाशी रेंगाळले.

"प्रोग्राम समजावून सांग," मुलगी म्हणाली.

धाकटी सांगायला लागली. "पंखे लावायचा हुकूम दिला का मी एका जागी १ लिहून ठेवते. बंद केले का ०. त्याला फ्लॅग म्हणतात. फ्लॅग १ असला तर परत हुकूम द्यायचा नाय, नायतर स्टार्टर सारखा ठकठक करंल."

"मग पंखे बंद असताना १ कसा?"

"तेच तर मला कळत नाय. दोन वर्षं नीट चाललंय. गेल्या महिन्यात पेटीला बॅटरी लावली, लाइट गेली तरी पेटी बंद पडू नये म्हणून. बाकी मी कशाला हात लावला नाय."

मी तिथेच थांबले.

आमच्या माठाची एक रीत होती. माठ भरला की मी झाकणावर वाटी पालथी घालायची. पालथी वाटी म्हणजे भरलाय. संध्याकाळी ती उताणी करायची आणि सकाळी पुन्हा भरायचा. त्याच वर्षी शिमग्याला बंदोबस्ताची गाडी आली, पंधरा-वीस जणांनी भर दुपारी माठ रिकामा केला आणि वाटी होती तशीच पालथी ठेवून गेले. मी चार वाजता वाटी बघितली आणि पुढे गेले. साहेब उन्हातून आले तर घोटभर पाणी नाही. बोलणी मीच खाल्ली.

आणि कोंबड्या मेल्या त्या दुपारी अर्धा तास लाइट गेली होती, आमच्याकडेही. लाइट गेली की मोटारीचा स्टार्टर पडतो. लाइट आली तरी हिरवं बटण परत दाबावं लागतं, हे विहिरीवर पंप असलेल्या कुठल्याही घराला माहीत असतं. आधी लाइटीबरोबर पेटीही बंद पडायची आणि आल्यावर पहिल्यापासून सुरू व्हायची, म्हणून भागत होतं. आता बॅटरीमुळे पेटी जागी राहिली. पंखे पडले, तो १ तसाच राहिला. पेटी वाटी बघत होती. माठात कुणी बघत नव्हतं.

तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते. दोन पावलांवर जाऊन सांगायचं होतं. मी शिपाई मुलीकडे बघितलं. कपाळाला आठ्या घालून ती त्या आकड्यांत बुडाली होती. माझ्या मनात आलं, शोध ना आता. शिकलेली आहेस ना. कॉम्प्युटरवाली आहेस ना.

मी केरसुणी घेऊन मागच्या अंगणात गेले.

सूर्यास्तानंतर बाईला ठाण्यात ठेवत नाहीत. साहेबांनी धाकटीला घरी सोडलं आणि बजावलं, "उद्या अकरापर्यंत खुलासा झाला नाही, तर अटक दाखवावी लागेल."

सकाळी ती आली ती कालच्याच साडीत. केसाला फणी नाही. मी पाणी दिलं, तिनं तांब्या तसाच खाली ठेवला.

"घरात घेतलं नाय गो मावशी. ओट्यावर बसून व्हते. नवरा बोलला, अटक झाली तर इकडं येऊ नको, तशीच माहेरी जा."

मला चारचौघांत साहेबांसमोर बोलायचं धाडस कधीच झालं नाही. मी माठ मागच्या झाडाला ओतला, वाटी झाकणावर पालथी घातली आणि शिपाई मुलीला हाक मारली.

"बाय, माठ भरलाय का?"

"भरलाय की. वाटी पालथी आहे ना."

"उघडून बघ."

तिनं झाकण उचललं. रिकाम्या माठाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "त्या दुपारी लाइट गेली व्हती." तिनं झाकण माझ्या हातात दिलं आणि धावत साहेबांच्या खोलीत गेली.

साडेदहाला पंच घेऊन सगळे शेडवर पोचलो. धाकटीजवळ बाई हवी म्हणून मलाही नेलं. पंखे लावले, मेन स्विच खाली ओढला, पुन्हा वर केला. पंखे जागचे हलले नाहीत. पेटीवर 'पंखे चालू' दिसत होतं. पंचनाम्यात तसंच लिहिलं. घातपात नाही, गुन्हा नाही.

थोरली खांबाला टेकून उभी होती. साहेबांनी विचारलं, "पंखे बंद दिसले तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"हितंच."

"बटण?"

तिनं दाराजवळचं हिरवं बटण दाखवलं. दहा पावलं होती. "मला वाटलं, तिचा कॉम्प्युटर हाय ना, बघंल तो. आमी अडाणी." मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. "इतक्या मरतील असं नव्हतं वाटलं, साहेब."

सगळे तिच्याकडे रागानं बघत होते. मला मान वर करता येईना.

परत आल्यावर शिपाई मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "साहेब, हे मावशींनी ओळखलं. मी कालपासून नुसते आकडे बघत होते." साहेबांनी टाळी वाजवली, चहा मागवला. तिनं श्रेय स्वतःकडे घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग तिचा राग करता आला असता.

धाकटीनं पुढे प्रोग्राम बदलला. पंख्यासमोर वाऱ्यानं हलणारी एक पट्टी बसवली. पेटी आता लिहिलेल्या आकड्यावर विसंबत नाही, पट्टी हलते का ते बघते.

या केसनं मला काय शिकवलं? आपण एकदा मनात खूण करून ठेवतो, ही शिष्ट आहे, हिनं माझी जागा घेतली. मग रोज ती खूण बघतो, माणूस बघत नाही. ती मुलगी रोज चहाचं विचारत होती, आणि मी वाटी पालथीच ठेवली होती.

पंधरा दिवसांनी धाकटी पेढे घेऊन आली. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, तुमाला कधी सुचलं हो?"

शिपाई मुलगीही हसत माझ्याकडे बघत होती.

"सकाळी," मी म्हटलं. "तू आलीस ना, तेव्हाच."