प्रतिपदेच्या चिठ्ठ्या

बेळगावच्या पोलीस कचेरीत मी कारकुनी करत होतो, तेव्हा आमच्या फौजदारांची एक लाडकी पद्धत होती. प्रत्येक चोरीची एक चिठ्ठी करायची आणि चिठ्ठ्यांचे ढीग लावायचे जातीवार. शहापूर-वडगावच्या विणकरांकडच्या साड्या गेल्या आणि चोर सापडला नाही, की चिठ्ठी सरळ गावाबाहेरच्या पालांच्या ढिगात. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पालांतल्या माणसांवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का, रोज चावडीवर हजेरी. ढीग वाढला तसं फौजदारांनी ठरवलं, पालं उठवायची आणि बायकापोरांसकट सगळ्यांना तारेच्या कुंपणात नेऊन टाकायचं. त्यासाठी वर पाठवायचा तक्ता मी करायचा होता. मला त्याची चीड येत होती, आणि पोटासाठी गप्प बसतो याची त्याहून जास्त.

तक्ता करताना तारखा खटकल्या. मी वडगावचा, विणकराच्या घरचा. अवसेला आमच्यात मागाला हात लावत नाहीत, मागघराला कुलूप असतं. मी घरचं पंचांग आणून इंग्रजी तारखांपुढं तिथ्या मांडल्या. त्या ढिगातल्या एक सोडून सगळ्या फिर्यादी प्रतिपदेच्या निघाल्या. म्हणजे चोरी अवसेच्या रात्रीची. कळली दुसऱ्या दिवशी, मागघर उघडल्यावर.

आणि अवसेला पालांतले लोक कुठं असत? अंधारी रात्र म्हणून फौजदारच त्यांना दुपारपासून चावडीत कोंडत, ते दुसऱ्या सकाळी सोडत. हजेरीच्या वहीत तसं लिहिलेलं होतं, खाली सही फौजदारांचीच.

मी चिठ्ठ्या तिथीवार लावल्या, सुतात ओवल्या आणि वहीसकट त्यांच्यापुढं ठेवल्या.

"पंचांग बघून पोलीसखातं चालवायचं व्हय रं?" ते गरजले. "सोड ती माळ. जातीवार लाव पुन्हा."

"लावणार न्हाय, साहेब."

"नोकरी घालवीन तुझी."

"घालवा. घरात माग हाय."

त्यांनी स्वतःच माळ ओढली. विणकराची गाठ ती, ओढली की आणखी आवळते. मी टेबलावरची कातर त्यांच्यापुढं सरकवली.

"कापा की. पर तक्त्याखाली तुमच्या हातानं लिवा, चोरी झाली तवा हे चोर माझ्याच कुलपात हुते म्हणून."

कातर त्यांनी उचलली नाही. माझी नोकरी गेली, पण तक्ता वर गेला नाही. पालं उठली नाहीत.