वहिनीने बसवलेला वाकडा दात

सहा आठवडे आमच्या घरात एकच प्रश्न होता, वहिनी पास होतेय की नापास? आणि कोणालाही त्याचं उत्तर कळत नव्हतं. वहिनीला तर मुळीच नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वय चव्वेचाळीस. मुलगी कॉलेजात गेली आणि हिने दातांच्या कवळ्या बनवायचा दोन वर्षांचा कोर्स धरला. वर्गात सगळी विशीतली पोरं, त्यात ही. तरी रेटलं तिने. पण शेवटी सहा आठवडे खऱ्या लॅबमध्ये काम करायचं आणि तिथल्या मालकाने अहवाल भरून द्यायचा, तरच सर्टिफिकेट. तीन लॅबनी वय ऐकूनच नको म्हटलं. चौथीने घेतलं. संस्थेतल्या मॅडमनी बजावलं, "ही गेली तर दुसरी मिळणार नाही हं. दोन वर्षं पाण्यात."

मग काय, पहिल्या दिवशी मालक काय काय विचारतील याची आम्ही जंगी तयारी केली. मी दादाचा कोट चढवून स्वयंपाकघरात साहेब होऊन बसले.

"तुमचा एखादा दोष सांगा," मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मला वाकडं काही बघवत नाही. नको तितकी नीटनेटकी आहे मी."

हे उत्तर मीच शिकवलेलं. दोष म्हणून सांगायचं आणि गुण म्हणून खपवायचं! आई कोपऱ्यात बसून तोंडावर हात धरून हसत होती. तिची स्वतःची कवळी नेहमीप्रमाणे कपाटातल्या वाटीत होती. पाहुणे आले तरच ती तोंडात जायची.

पहिल्या दिवशी वहिनी बावीस उत्तरं पाठ करून गेली. लॅबच्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. हिचे हात पाहिले, "नखं कापा," म्हणाले, आणि समोर प्लास्टरचा जबडा, मेण आणि दात ठेवले. "बसवा."

हिने दिवसभर मान मोडून बसवले. संध्याकाळी मास्तरांनी ते खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून पाहिलं आणि गरम पाण्याच्या भांड्यात सोडलं. मेण वितळलं, दात तळाशी.

"पुन्हा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडा झाला, दोन झाले. वहिनी घरी येऊन भांडी घासता घासता विचारायची, "चुकलं असतं तर ओरडले असते ना गं? आणि बरोबर असतं तर वितळवलं असतं का?" आता मी काय सांगणार, कपाळ? पॉलिशच्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाला तिने विचारलं, तर तो "हं" म्हणाला. नुसतं "हं"! तिसऱ्या आठवड्यात संस्थेच्या मॅडम चौकशीला आल्या. मास्तरांनी सांगितलं, "वेळेवर येते." बस्स. त्या रात्री आम्ही सगळे त्या दोन शब्दांवर तासभर वाद घालत होतो. दादा म्हणे हे कौतुक आहे, मी म्हणे हा नारळ द्यायची तयारी आहे.

शेवटी माझं डोकं फिरलं. वहिनी डबा विसरली नव्हती, तरी मी डबा घेऊन लॅबमध्ये गेले. चिंचोळी खोली, खिडकीखाली लांब टेबल, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. फळीवर पेट्या रांगेत. क्लिनिकमधून प्रत्येक कामाची एक पेटी यायची. तिच्यात जबड्याचा साचा, चिठ्ठी आणि पेशंटचा कधीकाळचा एखादा जुना फोटो. वहिनीने सगळे फोटो काढून, मागे पेटीचा नंबर लिहून, एका पाकिटात घातले होते. मेण लागून खराब होऊ नयेत म्हणून. मास्तरांनी ते पाकीट पाहिलं होतं आणि त्यावरही अवाक्षर काढलं नव्हतं.

तिच्या समोरची कवळी बघून मी थक्क झाले. काय सुंदर दात! एक इकडचा तिकडे नाही.

"मास्तर," मी म्हटलं, "मी तिची नणंद. तिचं काय चुकतंय ते एकदा तोंडाने सांगून टाका की! तिची झोप उडालीय."

वहिनी टेबलाखाली शिरायच्या बेतात होती. मास्तरांनी ती सुंदर कवळी माझ्या हातात दिली.

"कोणाची आहे?"

"मला काय माहीत कोणाची?"

"तेच," मास्तर म्हणाले आणि भांड्याकडे गेले.

घरी येऊन मी थयथयाट केला. "तेच म्हणजे काय? अहो, माणूस आहे की बंद दार?" मी मास्तरांची नक्कल केली तशी आई खो खो हसली, हात तोंडावर. दादा वैतागला. "आई, चार वर्षं झाली, वाटीतल्या दातांचं लोणचं घालणार आहेस का? घाल की ती कवळी. सवय होते."

"नाही होत रे बाबा," आई म्हणाली. "आरशात बघितलं की वाटतं, तोंडात दुसरंच कोणी येऊन बसलंय."

हे आम्ही शंभर वेळा ऐकलेलं. वहिनी मात्र ताट हातात धरून तशीच उभी राहिली.

सकाळी लॅबमध्ये जाऊन तिने पहिलं ते पाकीट उघडलं. सदतीस नंबरच्या पेटीतला माणूस फोटोत सायकल धरून हसत होता आणि त्याचा वरचा एक दात शेजाऱ्याच्या अंगावर रेलला होता. तो दात तसा बसवायला तिला अख्खा दिवस लागला. हात ऐकेनाच, दर वेळी सरळ बसवायचा. संध्याकाळी मास्तरांनी कवळी उचलली, फोटो उचलला, भांड्यापाशी जाऊन उभे राहिले. मग ती क्लिनिकला जायच्या पेटीत ठेवली आणि हात धुतले. वहिनी बाथरूममध्ये जाऊन रडली. आनंदाने की भीतीने, तिचं तिलाही कळलं नाही.

त्यानंतरच्या कवळ्या कधी वितळल्या, कधी गेल्या. शेवटच्या दिवशी तिने धीर करून मास्तरांना आईच्या वाटीतल्या कवळीबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बंद पाकिटात अहवाल दिला. संस्थेत मॅडमनी तो उघडला. मी बरोबर होते. दहा रकाने, दहाही कोरे! वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. मी तर मास्तरांचा उद्धार करायला तोंड उघडलंच होतं. मॅडमनी कागद उलटला. मागे लिहिलं होतं, "सोमवारपासून इथेच कामाला. पहिलं काम सासूबाईंची कवळी. ही एकटी करेल, मी बघणार नाही."

"हे पास आहे का हो?" वहिनीने विचारलं.

"अहो बाई," मॅडम शिक्का शोधत म्हणाल्या, "याला पास नाही तर काय म्हणायचं?"

आईने आधी आढेवेढे घेतले. मग ट्रंकेच्या तळातून तिच्या लग्नाआधीचा फोटो निघाला. तोंडभर हसणारी मुलगी, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. मला तर ते दात आठवतही नव्हते. माझ्या जन्माआधीच एकदा पडून ते गेले होते म्हणे.

महिन्याभराने वहिनीने स्वतःच्या हाताने आईच्या तोंडात कवळी बसवली. आई आरशापुढे उभी राहिली. मान इकडून तिकडून वळवून बघत राहिली. वहिनीचा चेहरा पहिल्या दिवशीसारखा झाला होता. मला राहवलं नाही. मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "कोणाची आहे?"

आईला हसू फुटलं. सवयीने तिचा हात वर आला आणि अर्ध्यावरच गोंधळून थांबला. त्या हाताचं काय करावं ते तिला कळेना. मग तिने तो वहिनीच्या डोक्यावर ठेवला.

"माझी," ती म्हणाली.