खाडीत सोडलेले अकरा मुखवटे

माझा नवरा अडाणी नव्हता.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. मी सांगतेय, नात टाइप करतेय.

बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. रत्नागिरीहून येऊन आम्ही भाईंदरजवळ राई गावात भाड्याने राहत होतो. हे भाईंदरला फॅक्टरीत. गावाकडे शिमग्याच्या सोंगांचे मुखवटे फार छान करायचे, ते कुणीतरी एका नाटकाच्या दिग्दर्शकाला सांगितलं.

नाटक मेक्सिकोचं. तिथले अझ्टेक लोक आणि त्यांच्यावर चालून आलेले स्पॅनिश. ह्यांनी जन्मात दोन्ही बघितले नव्हते!

रोज ड्युटीवरून आले की कागदाचा लगदा आणि चिंचोक्याची खळ घेऊन बसायचे. स्पॅनिशांना काथ्याची दाढी. अझ्टेकांना कोंबड्याची पिसं, आणि तोंडं मिठागरात राबणाऱ्या माणसांची.

शेजारची कोळीण बघून ओरडलीच, "अगो, यो त माजा बापूस हाय!"

हे इतके खूश, की त्या दिवशी जेवलेच नाहीत धड.

स्पर्धेत प्रयोग झाला. नाटकात सगळे अझ्टेक मरतात, हे मला तेव्हा कळलं. आणि मुखवटे परत आमच्या भिंतीवर.

मला सातवा महिना होता. आमच्याकडे सोंग खेळून झालं की मुखवटे पाण्यात सोडतात, घरात ठेवत नाहीत.

"अहो, मेलेल्यांची तोंडं घरात नकोत."

"अगं, हे शिमग्याचं नाही. नाटकाचं आहे."

"मला ते काही ठाऊक नाही. सोडा म्हणजे सोडा!"

सकाळी हे अकराही मुखवटे गोणीत भरून खाडीवर घेऊन गेले. रिकामी गोणी घडी घालून परत आणली.

दुपारी दिग्दर्शक पेढे घेऊन हजर. पहिल्या फेरीत नाटकाचा पहिला नंबर आला होता! आठवड्याने फायनल.

"मुखवटे काढा. प्रोग्रॅममध्ये तुमचं नाव छापतोय."

हे म्हणाले, "मी सोडले खाडीत. आमची रीत आहे."

"अडाणी माणसाच्या हातात कला दिली, चूक माझीच!"

अख्खी चाळ ऐकत होती. मी दारामागे चहा घेऊन उभी. 'मी सांगितलं होतं' एवढंच बोलायचं होतं. माझी जीभ काय झडली होती?

नंतर मुलगी झाली, ठणठणीत. हे म्हणाले, "बघ, बरं झालं सोडले."

पण लगद्याला परत हात लावला नाही. शिमग्यालासुद्धा नाही.

दिग्दर्शक पुढे मोठा झाला. खूप वर्षांनी मीरा रोडला एका कार्यक्रमात त्याने हा किस्सा सांगितला. एका अडाण्याने म्हणे माझं नाटक बुडवलं. लोक पोट धरून हसले.

हे तिसऱ्या रांगेत होते. हेही हसले.

मी शेजारीच होते. तेव्हाही गप्प.

त्या माणसाचा राग येतो. त्याहून जास्त माझा येतो.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. आयुष्यभर घेतलं नाही. खड्ड्यात गेल्या सगळ्या रीती.

मुखवटे: गणपत धोंडू.

येते मी मागून, अहो. तेव्हा तरी भांडा माझ्याशी.