बिनमिशीचा चेहरा

गेटवरच्या हजेरीच्या मशीनपुढं मी तोंड धरून उभा, आणि ते आपलं लाल दिवा दाखवतंय. चाकणच्या कंपनीत मी सिक्युरिटी गार्ड. हे मशीन चेहरा बघून हजेरी लावतं. माझा चेहरा त्याला पटंना.

कारण साधं होतं. बायको गेली. मूलबाळ न्हाई, म्हणून सगळं मीच केलं. दहाव्याला घाटावर डोकं, मिशी, सगळं उतरवलं. मिशी काढा म्हणून ती जन्मभर मागं लागलेली. काढली तेव्हा बघायला न्हाई.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. फौजदार बाई उतरल्या, मागून हवालदार. त्यानं मोबाईलवर एक बिनमिशीचा टकला म्हातारा दाखवला.

"मामा, हा तूच ना?"

"न्हाई."

"मशीन म्हणतंय तूच. मागच्या महिन्यात शेजारच्या कंपनीतून तांब्याची वायर गेली, त्यातला हा चोर. काल चौकातल्या कॅमेऱ्यात तू दिसलास, अंगावर इथला ड्रेस. मॅच आलाय."

मॅच म्हणजे काय, ते त्यानंच सांगितलं. कॅमेरा चेहऱ्याचं माप घेतो, जुन्या फोटोशी ताडतो आणि किती सारखा दिसतो ते सांगतो.

माझं डोकंच चालंना. "अहो, हितलं मशीन म्हणतंय मी मी न्हाई. तुमचं म्हणतंय मी चोर. मंग मी हाय तरी कोण?"

"चौकीत ठरवू," म्हणत त्यानं दंड धरला.

मी आयकार्ड काढलं. त्यावर ही भली मोठी मिशी. हवालदार म्हणाला, "हा तर तिसराच माणूस!"

आमचा सुपरवायझर लांब सरकला. "मामा, चोरीत नाव आलं तर ड्युटी बंद हां."

घरात आता कोण न्हाई. ड्युटी गेली तर दिवसभर भिंतीकडं बघत बसायचं का?

बाईंनी विचारलं, "मामा, मिशी कधी काढली?"

"गेल्या आठवड्यात. बायकोच्या दहाव्याला."

त्या सुपरवायझरकडं वळल्या. "चोरीच्या दिवसाचं गेटचं फुटेज लावा."

लावलं. चोरीच्या वेळेला मी इथंच, गेटवर, मिशीसकट डबा खात बसलेलो. डबा तिनं दिलेला. मला पुढचं बघवंना.

"सोडा त्यांना," बाई म्हणाल्या.

"पण मॅडम, मॅच..."

"मॅच म्हणजे नुसता इशारा. पुरावा नाही. तेवढ्यावर माणूस उचलला तर कोर्टात उत्तर मला द्यावं लागेल."

मी म्हटलं, "बाई, मंग माझा फोटो तुमच्या मशीनमधनं काढा."

त्या म्हणाल्या, "अटक झालेल्याचे फोटो, मापं घ्यायला कायदा आहे, मामा. रस्त्यानं चालणाऱ्याचा चेहरा असा ताडायला वेगळा कायदाच अजून नाही. फोटो किती दिवस ठेवायचा, पुसायचा कुणी, मलाही सांगता येत नाही."

"कायदा न्हाई तर घेतला कसा?"

"अर्ज द्या."

दिला. उत्तर न्हाई.

मिशी परत आली. गेटवरचं मशीन आता हिरवा दिवा दाखवतं. पोलिसांकडचा बिनमिशीचा मी कुठं हाय, कुणाला माहीत. मिशी काढली तर आधी कंपनीत कळवा, एवढं मी सगळ्यांना सांगतो. चौकीत कळवायचं का, ते विचारून आलो. त्यांनाबी म्हाईत न्हाई.