समोरच्या इमारतीत जायचं आहे

माझी आई आणि मावशी मानपाड्याला समोरासमोर राहतात. मध्ये फक्त कल्याण-शीळ रस्ता. बाबा गेल्यावर आईने ठाण्याला, कोलशेतला माझ्याकडे यायचं साफ नाकारलं आणि हट्टाने हा फ्लॅट घेतला. कारण एवढंच की गॅलरीतून तिच्या ताईचं घर दिसतं आणि पायात चपला घातल्या की तिच्याकडे जाता येतं. मावशीचे गुडघे कामातून गेलेत, त्यामुळे जायचं ते आईनेच. रस्ता तेव्हाही सोपा नव्हता. पण दुभाजकात एक मोकळी जागा होती, तिथे ट्रॅफिकचा हवालदार असायचा. तो हात दाखवून गाड्या थांबवायचा आणि आई पदर खोचून पलीकडे जायची.

मग मेट्रोचं काम आलं. रस्त्याच्या मधोमध डोक्याहून उंच पत्रे उभे राहिले आणि ती मोकळी जागा त्यांच्या मागे गेली. प्रत्येक पत्र्यावर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र आहे. आईबाप, दोन मुलं आणि गार डब्यात खिडकीशी बसलेली एक आजी. त्या आजीला बघितलं की माझं डोकं फिरतं.

आता समोर जायचं तर रिक्षा करायची. रिक्षावाला म्हणतो, "आजी, समोरच तर आहे, चालत जा ना." त्याला पत्रे दाखवायचे. मग तो आधी भलत्याच दिशेला नेतो, लांबच्या सिग्नलला वळसा घालतो, आणि त्या सिग्नलला मे महिन्याच्या उन्हात डंपर आणि ट्रेलर शेजारी गुरगुरत उभे असतात. बाहेर धूळ, आत रेक्झिनची तापलेली सीट. इकडे आई रिक्षात बसलेली गॅलरीतून दिसली की मावशी चहा टाकते. तो निवतो, परत गरम होतो, परत निवतो. शेवटी ती एकटीच पिऊन टाकते आणि आई पोचल्यावर दुसरा टाकते. बहिणीकडे जाणं म्हणजे आईसाठी परगावी जाणं झालं, आणि हे म्हणे विकासासाठी.

तरी मी गप्प बसले असते. पण उन्हाळ्यात पापड असतात. उडदाचे पापड आमच्याकडे दोघींशिवाय होतच नाहीत. पीठ आईचं, पापडखार, हिंग, मिरी यांचा अंदाज फक्त तिच्या हाताला आहे. लाटणं मावशीचं. तिने लाटलेल्या पापडाखालचं वर्तमानपत्र वाचता येतं. आईने लाटले तर पोळ्या होतात आणि मावशीने पीठ भिजवलं तर तोंडात घालवत नाही. ही वाटणी त्यांच्या माहेरापासूनची. पीठ कुटलं की लगेच लाटायला लागतं, वाळलं की दगड.

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी मी ठाण्याहून येत होते. भर दुपार, घराजवळच रिक्षा अडकलेली. सहज पत्र्यांकडे बघितलं. दोन पत्रे एका जागी सुटले होते, मजूर तिथून ये-जा करत. त्या फटीतून आधी स्टीलचा डबा बाहेर आला आणि मागून, आडवी होत, माझी आई. साडी तारेत अडकलेली, समोरून बस येतेय. मी रिक्षातून उडी मारून धावले आणि तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. भर रस्त्यात तिच्यावर ओरडले. ती माझ्यावर ओरडली.

"सगळे इथूनच जातात," ती म्हणाली. "पीठ वाळत होतं माझं."

त्या रात्री मी ऑनलाइन तक्रार केली. फटीचा फोटो जोडला आणि स्वच्छ लिहिलं की म्हाताऱ्या माणसांना इथे रस्ता ओलांडायला सुरक्षित जागा करून द्या. आश्चर्य म्हणजे आठवड्याच्या आत, मी अजून आईकडेच असताना, कंत्राटदाराचा इंजिनिअर सोसायटीत आला. तरुण, नम्र, हातात गुंडाळलेला नकाशा. तो त्याने कॅरमच्या टेबलावर पसरला.

"आजी, थोडी कळ सोसा. मेट्रो झाली ना, की तुमची मुलगी ठाण्याहून अशी येईल," तो चुटकी वाजवत म्हणाला.

"ती येतेच," आई म्हणाली. "मला समोर जायचंय."

"हो, पण तुम्हीपण कुठेही जाऊ शकाल. कल्याण, ठाणे, पार मुंबई."

"मला नाही जायचं मुंबईला. ती समोर गॅलरी दिसते का, हिरव्या ग्रिलची? तिथे जायचंय."

त्याने गॅलरीकडे बघितलं, मग नकाशाकडे. त्या नकाशात मावशीची इमारतच नव्हती. स्टेशन झालं की पूल होईल, म्हणाला. कधी, ते त्याला माहीत नव्हतं. पण ती फट नेमकी कुठे आहे ते त्याने बारकाईने विचारून घेतलं, आणि मी मूर्खासारखी त्याच्याबरोबर रस्त्यावर जाऊन ती दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पापडांचं उरलेलं कोरडं पीठ भिजवून कुटत होती. खाली वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. फट होती तिथे कोरा करकरीत नवा पत्रा, त्यावर तेच कुटुंब, तीच हसरी आजी. माझ्या फोनवर मेसेज आला: तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. सोबत बंद फटीचा फोटो. इतकी तत्परता मी या शहरात जन्मात पाहिली नव्हती. संताप कोणावर काढावा तेही कळत नव्हतं.

समोरच्या गॅलरीत मावशी पोळपाट-लाटणं मांडून, वर्तमानपत्रं अंथरून बसली होती. तिने आम्हाला हात केला. आईने पीठ डब्यात भरलं, ओल्या फडक्याने झाकलं.

"चल, मी रिक्षा बघते," मी म्हटलं.

आईने डब्याचं झाकण दाबून बसवलं. खालच्या पत्र्यांकडे बघत म्हणाली, "फट तरी होती गं."