गाडीत हवा बसली होती

चहा ओता, बशीत ओता, पण घोट घेऊ नका अजून. मागे एकाच्या नाकातून आला होता, माझा हा किस्सा ऐकताना. त्या उन्हाळ्यात मी जी माती खाल्ली ना, तेवढी सोलापूरच्या आख्ख्या शुक्रवार पेठेत कुणी खाल्ली नसेल!

मी तेव्हा शेठच्या साडीच्या दुकानात होतो. सकाळपासून दिवे लागेपर्यंत गादीवर उभं राहायचं आणि एकच वाक्य बोलायचं. "दाखवतो ताई." हिरवी? दाखवतो ताई. काठ बारीक पाहिजे? दाखवतो ताई. अहो, झोपेत बोलायचो! एकदा पहाटे म्हणे अंगावरची चादर झटकून अण्णांना दाखवली. "पदर बघा," म्हणलो. अण्णा म्हणजे माझे वडील. ते चादरीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले.

त्या दिवशी मी दुकान सोडलं आणि शपथ घेतली. मरेन, पण हे वाक्य पुन्हा बोलणार नाही!

आणि तेवढ्यात ती दिसली. अक्कलकोट रोडला, एका शेताच्या बांधावर. पिकअप! लढाईच्या काळातली, अमेरिकन. गोल नाक, एक दिवा फुटलेला, एक शाबूत. हौद्यातून बोरीचं झाड वर आलेलं. शेतकरी म्हातारा कानडी बोलणारा. मी नुसतं "विकायची का?" म्हणलं, तर हात जोडून म्हणतो, "तगोंड होगरी!" घेऊन जा! आणि पाठ फिरवून असा निघाला, की वळून बघितलं नाही. तेव्हाच कळायला पाहिजे होतं की नाही?

मला कुठलं कळतंय! माझ्या डोक्यात गाडी केव्हाच चालू झालेली. मागांवरनं चादरींचे गठ्ठे उचलायचे, स्टेशनावर टाकायचे, कोपर बाहेर काढून शीळ मारायची. बस्स.

बैल लावून ओढत आणली. घरामागच्या अंगणात उभी केली, तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. बैलवाल्याने चाकाला एक काळा दगड लावला आणि गेला. अण्णा बाहेर आले, गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"आखितीला ही स्वतःच्या पायानं फाटकाबाहेर गेली तर तुझी," म्हणाले. "नाही गेली तर ती भंगारात, तू शेठकडे. मी बोललोय त्यांच्याशी."

अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत! लागलो की कामाला! रोज सकाळी दगडावर बसायचं आणि पॉलिश पेपरनं गंज खरवडायचा. ऊन चढलं की जेवायचं, पडायचं. लाल भुकटीनं हात असे व्हायचे, की शेजारची यल्लव्वाअक्का भिंतीवरनं विचारायची, "काय रे, खून केलास का?" अक्का तेलुगू, तिच्या घरात चार माग. दिवसभर खटखट, खटखट. ती खटखट म्हणजे आमच्या गल्लीचा श्वास. ती फक्त दुपारी थांबायची, जेवणाच्या सुट्टीत.

आणि सगळं त्या सुट्टीतच सुरू झालं.

भर दुपार. सोलापूरची दुपार तुम्हाला माहितीय. कुत्रं नाही, कावळा नाही, सावली पायाखाली घुसून बसलेली. माग थांबले. मी ओसरीत पडलेलो. त्या शांततेत अंगणातून आवाज आला... "कर्रर्रर्र..." कण्हल्यासारखा. म्हातारं माणूस कूस बदलतं ना, तसा.

उठून बघतो तर अंगणात कुणी नाही. गाडी तिथंच.

तिथंच? मी परत बघितलं. सकाळी दिव्याच्या काचेत खिडकी नव्हती दिसत. आता त्या एका डोळ्यात आमची अख्खी खिडकी दिसत होती, गजांसकट!

"आई, गाडी पुढं आलीय."

"तू जेवलाईस लई. पड जा."

दुसऱ्या दिवशी आणखी पुढं. तिसऱ्या दिवशी आईची पोळपाटावरची पोळी तशीच राहिली. "आरं, ही बघती की माझ्याकडं!" आई मंगळवेढ्याकडची, भ्याली की माहेरची बोली बाहेर पडायची. तिनं काय केलं माहितीय? चाकापुढं रांगोळीची रेघ ओढली, आडवी, जाड. तिच्यावर हळदकुंकू. "हिच्या म्होरं यायचं न्हाय," असं गाडीला बजावून आत गेली.

दुपारी माग थांबले. आम्ही दोघं खिडकीत, एकमेकांचा हात धरून. "कर्रर्र..." चाक हललं. कुणी ढकलत नव्हतं, वारा नव्हता, पान हलत नव्हतं. चाक सावकाश, अगदी सावकाश फिरलं आणि रेघेवर येऊन थांबलं. मग, खरं सांगतो, पुसून पलीकडं गेलं!

पलीकडनं यल्लव्वाअक्काची किंकाळी. "अय्यय्यो! दय्यं!"

तेलुगूत दय्यं म्हणजे भूत. तेवढी तेलुगू मला येत होती.

झालं! संध्याकाळपर्यंत बंपरला सात लिंबं लटकली. कुणी सांगे, लढाईत हिच्यात गोरा सोल्जर मेला. कुणी सांगे, गोरा नाही, गोरी. पोरं फाटकाशी यायची बंद झाली. मी धाडस करून आत बसलो, ब्रेकवर पाय ठेवला. आणि अंगावर काटा आला! पायाखाली मऊ लागलं हो. उशीवर पाय दिल्यासारखं आत आत गेलं, आणि सोडल्यावर हळूच, श्वास घेतल्यासारखं वर आलं. उडी मारून बाहेर!

शेवटी इमामचाचाला आणलं. इंजिन त्यानंच चालू केलं होतं. पेठेतला जुना मिस्त्री, तोंडात कायम पान, म्हणून बोलणं निम्मंच बाहेर यायचं. आणि तापट! दुसरा प्रश्न विचारला की पाना फेकून मारायचा.

"चाचा, गाडी आपोआप चालते."

चाचा आत बसला. पाय दाबला. सोडला. डोळे मिटले. परत दाबला. खाली उतरून पिंक टाकली आणि म्हणाला,

"हवा है."

आम्ही सगळे एक पाऊल मागं सरकलो.

"अंदर हवा बैठी है. उसकू निकाले बगैर गाडी कू हात नक्को लगा. किसी की जान जाती."

आता मला सांगा, हवा म्हणजे काय? बाहेरची हवा लागली म्हणतात तेव्हा काय लागतं? पोराला हवा लागली की मीठमोहऱ्या का ओवाळतात? आईनं तर भिंत धरली.

"मग... कशी काढायची?" मी विचारलं. हळूच, पान्यावर नजर ठेवून.

"दो आदमी लगते. एक ऊपर, एक नीचे. काच की बाटली ला, साफ. उस में निकालता मैं."

बाटलीत! ऐकलं का? बाटलीत उतरवणार होता!

अण्णांनी मात्र भंगारवाला बोलावला. तो आला, गाडीकडे बघितलं, लिंबं बघितली, पुसलेली रेघ बघितली. "अण्णा," म्हणाला, "लोखंड चांगलंय. पण मला बायकापोरं हायती." आणि गेला! म्हणजे बघा, ठेवता येत नाही, भंगारातही जात नाही, आणि आखिती उद्यावर आलेली.

आखितीला सकाळी चाचा आला. अख्खी गल्ली भिंतीवर. अक्का हळदीची वाटी घेऊन. मी वर सीटवर, पाय त्या मऊ जागेवर, तोंडात रामरक्षा. चाचा गाडीखाली. एक बारीक रबरी नळी चाकापाशी लावलेली, दुसरं टोक बाटलीत.

"दाब!" खालून आवाज.

दाबलं.

"पकड! पकड के रख! छोडना नक्को!"

गल्लीनं श्वास रोखला. आणि बाटलीत... गुडगुड... गुडगुड! काळपट पाण्यातून बुडबुडे वर यायला लागले. एकेक, मोठे, फुटताना "प्फ" करत. एरंडेलासारखा वास सुटला.

"देख, कैसी निकल रही!" चाचा खालून ओरडला. "पुरानी है! बरसों की बैठी है!"

"निकली! निकली!" गल्ली ओरडली. अक्कानं हळद फेकली ती नेमकी चाचाच्या तोंडावर. चारही चाकांना असंच झालं. आणि काय सांगू, माझ्या पायाखालचं मऊ जाऊन दगडासारखं घट्ट झालं! गेलं ते! मला खरोखर हलकं वाटलं.

चाचा डोळे चोळत नळाकडे गेला. जाता जाता काहीतरी म्हणत होता, "वो बाटली..." पुढचं पानात आणि आरडाओरड्यात गेलं. पण मला कुठं ऐकायला वेळ होता! बाटली आपल्या घरात एक क्षण ठेवायची नाही. बूच मारलं, आईनं काळा दोरा गुंडाळला, सायकल मारली ती थेट सिद्धेश्वराच्या तळ्यावर. डोळे मिटून भिरकावली. मागं वळून बघितलं नाही, त्या कानडी म्हाताऱ्यासारखं.

परत आलो तो थेट गाडीत. चाचा अजून नळावर, हळद धूत. हार घातला, नारळ फोडला, गाडी मागं घेतली, फाटकाबाहेर काढली. ब्रेक दाबला. थांबली! अण्णा फाटकात उभे. टोपी नीट केली त्यांनी. माझं काम झालं होतं हो! कोपर बाहेर काढलं. शीळ मारली. गल्लीच्या उताराला लागलो.

कोपऱ्यावर परत ब्रेक दाबला.

मऊ.

तेच! तीच उशी! पाय आत आत गेला, आणि खालून श्वास घेतल्यासारखं वर आलं. परत आलं! तळ्यातनं माझ्याआधी परत आलं! मी किंचाळलो, "हवा! हवा आली!" लोकांना वाटलं मी गाणं म्हणतोय. हात केले त्यांनी.

उताराच्या शेवटी काय आहे? शेठचं दुकान.

जोरात नाही गेली. अगदी अदबीनं गेली. दोन पायऱ्या चढली, पुढची दोन चाकं गादीवर टेकवली आणि बंद पडली. गिऱ्हाइकं आधीच एका बाजूला सरकून बसली होती. कुणाला खरचटलं नाही.

मागनं चाचा धावत, निम्मा पिवळा. "डबी में तेल डाला क्या?"

"कसलं तेल?"

"बाटली का तेल! ब्रेक का! हवा निकाल के डबी खाली हुई ना! खाली डबी में से फिर हवा घुसती! बाटली कहाँ है?"

"तळ्यात."

चाचानं पहिल्यांदाच पान थुंकून स्पष्ट बोलून दाखवलं. हवा म्हणजे हवा. आपण घेतो ती. ब्रेकच्या नळीत शिरलेली. काय काय म्हणाला ते इथं सांगत नाही, वहिनी ऐकतायत.

"पण चाचा," मी चिडून म्हणलं, "मग रोज दुपारी गाडी पुढं कोण ढकलायचं?"

"जंग लगेला ब्रेक का ड्रम सुबू चाक कू पकडता, धूप में गरम हो के छोडता. उतार है अंगन में. पर चाक कू दगड लगाया था ना? वो किसने निकाला?"

मी साड्यांकडं बघायला लागलो.

"अरे, किसने निकाला?"

"मी," म्हणलं. "बसायला."

चाचा पाना शोधायला लागला. गादीवर शेठ उठून उभे राहिले. एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग कापड मोजायचा मीटर माझ्यापुढं केला. आणि कोपऱ्यातल्या एक बाई, इतक्या वेळ शांत बसलेल्या, बोट दाखवून म्हणाल्या,

"अहो, ती चाकाखालची जांभळी..."

माझ्या तोंडातून आपोआप निघालं.

"दाखवतो ताई."