इंदूवहिनींचे परके माड

इंदूवहिनींचा पुतण्या सकाळी पोस्टाच्या खिडकीशी आला आणि त्याने दहा कार्डं मागितली. तिथेच उभं राहून तो एकेका कार्डाचा कोपरा फाडू लागला, तेव्हा मी समजलो, ही मयताची कार्डं. "काकी पहाटे गेली," एवढंच म्हणाला… आज त्याला दोन महिने झाले. मालवणजवळच्या आमच्या गावाच्या लहानशा पोस्टाचा मी मास्तर, गावचाच. वहिनींच्या घरी आलेलं प्रत्येक पार्सल माझ्या हातून गेलं. त्यांच्यावर लिहायचा हक्क मला आहे की नाही, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं.

त्यांचे यजमान दत्ताराम आगबोटीवर खलाशी होते. मोंबासा, कोलंबो, सिंगापूर, जिथे बोट लागेल तिथून ते बायकोला माडाच्या जातीतल्या झाडांच्या बिया पाठवत. कुठल्या गोटीएवढ्या काळ्या, कुठल्या बोरासारख्या. वहिनी त्या घराच्या मागच्या परड्यात लावत. आमच्याकडे माड-पोफळीचं कौतुक कुणाला असणार? पण त्या परड्यात पंख्यासारख्या पानांची, लाल देठांची, काटेरी खोडांची झाडं उभी राहिली आणि बायका दगडी गडग्यावरून डोकावू लागल्या. पार्सलात नाव क्वचितच असे. वहिनी पानावर तांब्याने पाणी ओतून बघत. एकदा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बघा भावजी, ह्या पानात पाणी रवता. म्हंजे हो माडाच्या घरातलो नाय, शिंदीच्या घरातलो." माडाची पाती छपरासारखी उतरती, शिंदीची पन्हळीसारखी खोलगट, हे जन्मभर माडाखाली राहून मी प्रथमच पाहिलं.

मग दत्ताराम परमुलखात तापाने गेल्याचं पत्र आलं. वहिनींचं कुंकू पुसलं गेलं. आणि चार महिन्यांनी पुन्हा पार्सल आलं… पत्ता त्याच हस्ताक्षरात. 'मालवण'मधल्या 'ण'ला शेवटी तोच जादा फाटा. मी ते कानाशी हलवून पाहिलं, नाकाशी धरलं. मेलेला माणूस पार्सल कसं पाठवतो? वर्षाला दोन-तीन येतच राहिली. वहिनी आमच्या पोस्टात कधी पत्र टाकत नसत, बाजाराला मालवणात गेल्या की तिथून टाकत, हेही मी हेरून ठेवलं होतं. त्या वेळी गोवा पोर्तुगिजांकडे होता, चोरट्या सोन्याच्या गोष्टी घरोघर चालत. दत्ताराम जिवंत आहे, कुठेतरी लपून हा धंदा करतो आहे आणि बिया हे निव्वळ पांघरूण, असं मी मनाशी पक्कं केलं. ओळखीच्या एका हवालदाराशी एक दिवस बोलून गेलो.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी परडं उकरलं. सोनं नव्हतंच. कोलंबोच्या बिया रुजून नुकता कोंब धरत होत्या, दीड वर्ष मातीत होत्या. त्या कुदळीखाली फुटल्या. पार्सलं कोण पाठवतं, या प्रश्नाला वहिनींचं एकच उत्तर, "माका ठाऊक नाय." मी गर्दीत होतो. सगळे पांगल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "भावजी, चाय घेवन जावा."

तो चहा मी प्यालो. पुढे दहा-बारा वर्षं पीत राहिलो आणि दर वेळी मनात तेच… यांना कळलंय का? कळलं असेल तर बोलवतात कशाला? गणपतीला माझ्या घरी नारळ धाडला तरी मी तो फिरवून फिरवून बघत असे. पार्सल द्यायला मात्र स्वतः जाई.

गेल्या महिन्यात साठीचा एक गृहस्थ खिडकीशी आला. डोक्यावर टोपी, हातात पुडकं. "हे टाकायचं नाही," तो म्हणाला. "इंदिराबाईंचं घर दाखवाल?" पुडक्यावर पत्ता होता. 'ण'ला फाटा होता.

वहिनी गेल्याचं सांगितलं तसा तो बाकावर बसला. मग त्याने ओळख सांगितली. खारेपाटणचा इब्राहीम, दत्तारामांबरोबर एकाच बोटीवर होता. "दत्तारामला लिहिता येत नव्हतं. तो सांगायचा, मी लिहायचो. जाताना म्हणाला, तिच्या बिया बंद करू नकोस."

"मग नाव का घातलं नाहीत?"

"विधवा बाईला परक्या माणसाचं पार्सल… आणि तोही मी. वहिनींनीच नाव घालू नका म्हणून कळवलं होतं." मग त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हीच ते मास्तर? परडं उकरलं तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, 'आता पाठवू नका.' पुढच्याच पत्रात लिहिलं, 'पाठवा. मास्तरांची मान माझ्यासमोर वर होत नाही. आता ते पार्सलाला जपतील.'"

मला त्याच्याकडेही बघवेना.

पुडकं त्याने माझ्याच हातात दिलं. आत सात बिया होत्या. पुतण्याला विचारून मी त्या वहिनींच्या वाफ्यात लावल्या, वर झावळ्या घातल्या. वर यायला दोन पावसाळे लागतील, असं इब्राहीम सांगून गेला. रोज पोस्ट उघडण्याआधी मी तिथे जातो. बी कुजलं तर नसेल, कुणी उचललं तर नसेल, इब्राहीम तरी खरं बोलला असेल ना… नाही नाही ते मनात येतं. बोटं मातीपर्यंत जातात. मग हात मागे घेतो, पाणी घालतो आणि उठतो.